घरटी एक पायली

वाचनालयाची किल्ली पहिल्यांदा माझ्या हातात आली ती 2017 च्या जूनमध्ये, आणि कुलूप काही उघडेना. तात्यांनी किल्लीला खोबरेल तेल लावलं, कुलपावर दोनदा मूठ मारली. "पावसाळ्यात असंच करतंय माय हे, जरा दमानं घे," म्हणाले. दार उघडलं तेव्हा ओल्या कागदाचा वास आला आणि टेबलाखालून एक उंदीर पळाला. त्या दिवसापासून मी या संस्थेची सचिव. कार्यकारिणीत एकही बाई नाही, म्हणून माझं नाव घातलं होतं. काम मी करेन, असं कुणाच्या मनात नसावं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपानंतर पुन्हा वसवलेलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मी पाहिलेली नाही. 2004 ला सून म्हणून आले तेव्हा नव्या गावाचे रस्ते सरळ होते, घरं एकमेकांपासून लांब होती, आणि सासूबाई अजूनही "गावात जाऊन येते" म्हणायच्या ते जुन्या, पडलेल्या गावाबद्दल. जुन्या गावात मारुतीच्या ओवरीत दोन कपाटांचं वाचनालय होतं. पारावर बसलेली माणसं उठून आत जायची, वर्तमानपत्र घेऊन पुन्हा पारावर यायची. नव्या गावात पारही नाही आणि ओवरीही नाही. वाचनालय मिळालं गावाच्या एका कडेला, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. पावणेदोनशे पावलं जास्त चालायची म्हटली की म्हातारी माणसं येत नाहीत आणि बायकांना तर तिकडं जायला कारणच लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

तात्या तिथले ग्रंथपाल, संस्था नोंदवली गेली तेव्हापासूनचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक पत्र्याची ट्रंक दाखवली. आत 41 पुस्तकं. ढिगाऱ्यातून काढलेली, कडा मातीनं तांबड्या, काहींच्या पानांवर जुन्या वाचनालयाचा गोल शिक्का. ही कोणत्याच नोंदवहीत नव्हती, कारण संस्थेची दाखल नोंदवही त्यानंतर सुरू झाली. "ही मोजायची न्हाईत," एवढंच ते म्हणाले. मी मोजली नाहीत.

बाकीची मात्र मोजली. दाखल नोंदवहीत 2,184 ग्रंथ होते, कपाटात सापडले 1,377. मी घाबरले, कारण तपासणीला आलेल्या माणसानं सरळ हाच आकडा मागितला असता. मग देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं: दंड नाही, नाव विचारणार नाही, फक्त वाचनालयाचं पुस्तक घरात असेल तर आणून द्या. पहिल्या आठवड्यात साठ आली. खरी गंमत पंचमीला झाली. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या आणि त्यांच्या पिशव्यांतून पुस्तकं निघाली. एक उमरग्याहून आलं, एक थेट पुण्याहून. दोघीतिघी म्हणाल्या, लग्नाच्या गडबडीत सामानात गेलं होतं, टाकून द्यायचा जीव झाला नाही. अशी सगळी मिळून 190 परत आली. उरलेल्यांचा ठराव करून, यादी जोडून रीतसर बाद केली. वाळवीनं खाल्लेली, पानं गळालेली पुस्तकंही त्याच ठरावात बाद केली. तात्यांना ते जड गेलं. पण कपाट भरलेलं दिसावं म्हणून मेलेली पुस्तकं उभी ठेवली की जिवंत पुस्तक हाताला लागत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता कागदांचं सांगते, कारण आमचं दीड वर्ष त्यातच गेलं. गावातली वाचनालयं बहुतेक वेळा पैशाआधी कागदांत अडकलेली असतात, आणि ते कुणी मोकळेपणानं सांगत नाही.

आमची संस्था 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदवलेली. नोंदवलेल्या सात विश्वस्तांपैकी चार जण वारलेले. नवी माणसं दर पाच वर्षांनी बैठकीत निवडली जायची, इतिवृत्तात सह्या व्हायच्या, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कुणी दिलाच नव्हता. तो 90 दिवसांत द्यायचा असतो. आम्ही एकोणीस वर्षं दिला नव्हता. चूक सगळी आमची. परिणाम असा की कागदोपत्री संस्थेचे अध्यक्ष म्हणजे वारलेले आबा, आणि बँकेनं नव्या सह्या घ्यायला नकार दिला. तोवरचं खातं आबांच्या आणि तात्यांच्या सहीनं चालत होतं. आबा गेल्यावर अनुदानाचा हप्ता खात्यात जमा व्हायचा, पण काढता येईना.

चार मृत्यूचे दाखले, प्रत्येक निवडणुकीचा ठराव, सूचनेची पोच, नव्या माणसांची संमतिपत्रं, शपथपत्रं, विलंब माफीचा अर्ज, एवढं गोळा करताना मी घरोघर फिरले. एका घरी आजोबांचा मृत्यूचा दाखला काढलाच नव्हता, तो आधी काढावा लागला. लातूरच्या नऊ चकरा झाल्या. वकिलांनी फी घेतली नाही. लहानपणी ते आमच्याच वाचनालयात बसायचे, म्हणाले. चौदा महिन्यांनी आदेश झाला आणि बँकेत माझी सही पडली. तोपर्यंत तात्यांना पगार नव्हता. त्यांनी एकदाही दार बंद ठेवलं नाही.

पगार हा शब्द मी वापरतेय खरी. आमचं वाचनालय ड वर्गाचं. राज्यात वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळते आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान. मी आले तेव्हा ड वर्गाला वर्षाला 30,000 रुपये होते. त्यातले निम्मे पगाराला. म्हणजे वर्षाचे 15,000, महिन्याला 1,250. उरलेल्या निम्म्यात ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रं, वीजबिल, लेखापरीक्षण, छपाई, नोंदवह्या. 2022 मध्ये सरकारनं अनुदानात 60 टक्के वाढ केली तेव्हा आम्ही पेढे वाटले. 48,000 झाले. तात्यांचे महिन्याला 2,000 झाले. तात्या सोयाबीन काढायला गेले असते तर एवढे पैसे आठवडाभरात मिळाले असते. ही गोष्ट मला तेव्हाही लागली, आजही लागते. पुस्तकं ठेवणाऱ्या माणसाची किंमत पुस्तकांच्या कपाटाहून कमी धरायची, हे कोणत्याही गावाला शोभत नाही.

वर्ग वाढला की अनुदान वाढेल, क वर्गात जाऊ, असं मी धरून चालले होते. ग्रंथ वाढवायचे, सभासद वाढवायचे, प्रस्ताव द्यायचा. प्रस्ताव तयार करून नेला तेव्हा कळलं की 2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, आणि तेव्हापासून नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबलेलं होतं. मी फाइल छातीशी धरून बसस्थानकावर बसले. पडताळणी व्हायलाच हवी होती, कागदावरची वाचनालयं मीही पाहिलेली आहेत. पण जे दार रोज उघडतं, त्यालाही त्याच रांगेत उभं केलं गेलं.

त्याच काळात मी शासनमान्य ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं तिथं पहिल्यांदा नीट कळली. 1931 मध्ये त्यांनी मांडलेलं पहिलं सूत्र साधं आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. त्याच वर्गात इतिहास शिकवताना सरांनी सांगितलं की मराठवाड्याला ग्रंथालय कायदा उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राच्या आधी मिळाला होता. हैदराबाद राज्यानं 1955 मध्ये केलेला कायदा आपल्याकडे लागू होता, 1967 चा नंतर आला. परभणीचं गणेश वाचनालय तर 1901 चं, निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय चालवणं सोपं नव्हतं तेव्हाचं. आपण मागासलेले, आपल्याकडे काही नव्हतं, असं ऐकत मोठी झालेली मी. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली, तिनं माझ्या डोक्यात घर केलं. शेजारच्या कर्नाटकात 1965 च्या कायद्याप्रमाणे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावतात. आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही, सगळं सरकारच्या अर्थसंकल्पातून येतं. घरी येताना बसमध्ये मी हाच विचार करत होते. सरकार उपकर लावत नसेल, तर गावानं आपण होऊन का लावू नये?

पैशाची वर्गणी मागून पाहिली होती. लोक द्यायचे, पण त्यांना बदल्यात काही दिसायला हवं असायचं. कपाटावर वडिलांचं नाव, पंख्यावर आईचं नाव, दारावर पाटी. यात मी कुणाला वाईट म्हणत नाही, त्या प्रेमातूनच आमची सात कपाटं आली. पण दार उघडणाऱ्याच्या पगाराला पैसे द्या म्हटलं की माणसं गप्प व्हायची. पगारावर नाव कोरता येत नाही. वाचनालय कपाटांवाचून चालेल, माणसावाचून एक दिवस चालत नाही, हे मी कार्यकारिणीत प्रत्येक बैठकीला बोलले असेन.

पायलीची कल्पना सासूबाईंची. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. मी उपकराचं घरी बोलत होते, त्या तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "पैसे कशाला मागायलीस? सुगीत माग की. खळ्यावर माणूस न्हाई म्हणत न्हाई." बलुतं त्यांनी लहानपणी पाहिलेलं. खळ्यावरून सुतार, कुंभार, गुरव यांना धान्य जायचं, ते कुणाला दान वाटायचं नाही. ते वर्षभराच्या कामाचं असायचं.

2022 च्या सुगीत आम्ही घरटी एक पायली सोयाबीन मागितलं. गावात 260 घरं. बचत गटाच्या बायका, अभ्यासिकेतली पोरं आणि मी, पोती घेऊन फिरलो. 213 घरांनी दिलं. ज्यांना शेत नाही त्यांच्याकडे मागायचं नाही असं ठरवलं होतं, पण एका मजूर बाईनं आम्हाला हाक मारून थांबवलं. तिनं सरवा वेचून आणलेलं सोयाबीन सुपात आणलं. "माझी पोरगी तिथंच बसती ना," म्हणाली. मी नको म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी पोत्याचं तोंड तिच्यापुढं धरलं. मला ते नंतर समजलं. तिचं नाकारणं म्हणजे तिला वाचनालयाबाहेर ठेवणं झालं असतं.

8 क्विंटल 30 किलो भरलं. अडतीवर भाव 5,300 लागला. हमाली, तोलाई जाऊन 43 हजारांवर रक्कम हातात आली. सरकारचं वर्षाचं अनुदान 48,000, आणि गावानं एका आठवड्यात जवळपास तेवढंच दिलं. पावती प्रत्येक घराला दिली, किलोत लिहून, आणि हिशेब वाचनालयाच्या भिंतीवर लावला. तो कागद अजून तिथं आहे.

या पैशांतून पहिलं काम म्हणजे दुपारचं दार. वाचनालय संध्याकाळी 5 ते 8 उघडं असायचं. त्या वेळेला बायका चुलीपुढं, मुली घरात. देवघेव नोंदवहीत वर्षाला बाईचं नाव चार-पाच वेळा दिसायचं, आणि सगळे म्हणायचे, बायकांना वाचायची आवड नाही. आम्ही बी.ए. झालेल्या एका मुलीला महिन्याला 2,500 वर दुपारी साडेबारा ते तीन बसवलं. सकाळी 7 ते 10 पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं स्वतः पाळीनं किल्ली सांभाळतात. संध्याकाळ तात्यांची. तीन महिन्यांत बाई सभासद 11 वरून 74 झाल्या. आवड नव्हती असं कसं म्हणायचं?

दुसरं काम जागेचं. ग्रामपंचायतीची जुनी खोली बसथांब्याजवळ मोकळी पडली होती. ग्रामसभेत ठराव मांडला. तो मंजूर व्हायला तीन ग्रामसभा लागल्या, कारण ती खोली आणखी दोघांना हवी होती. तिसऱ्या सभेला दुपारच्या सभासद बाया झाडून सगळ्या आल्या, पुढं बसल्या, आणि बोलल्या कुणीच नाहीत. ठराव मंजूर झाला.

नव्या खोलीत मांडणी बदलली. दशांश वर्गीकरणाचे आकडे मी नोंदवहीत आणि पुस्तकाच्या पाठीवर लिहिते, पण कपाटावर शेती, आरोग्य, कथा-कादंबरी, पोथ्या, परीक्षा असं मोठ्या अक्षरात. मुलांची पुस्तकं कपाटात नाहीत, जमिनीवर सतरंजीवर, मुखपृष्ठ वर करून. पुस्तकाची पाठ वाचायला मोठ्या माणसाची सवय लागते, मूल चित्राकडे जातं. शेतातल्या वस्तीवर महिन्यातून दोनदा तीस पुस्तकांची पेटी जाते, दूध घालायला येणारा पोरगा मोटारसायकलवर नेतो.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही पुस्तकं मिळतात. 1972 मध्ये केंद्र सरकारनं स्थापन केलेली ही संस्था, राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत काम चालतं. आमच्याकडे गठ्ठा आला तेव्हा पोरांनी सुतळी कापायला रांग लावली होती. ज्यांना या योजनांची माहिती नाही त्यांनी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावं, पण जाताना लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद आणि दाखल नोंदवहीचा शेवटचा आकडा सोबत न्यावा. मी पहिल्यांदा रिकाम्या हातानं गेले होते आणि तो दिवस वाया गेला. अनुदानातून होणाऱ्या खरेदीला शासनमान्य ग्रंथांची यादी पाहावी लागते. पायलीच्या पैशाला तो नियम नाही, म्हणून वाचक हट्टानं मागतात ती पुस्तकं आम्ही त्यातून घेतो.

एका आजोबांचं सांगायलाच हवं. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूत झाली, तिसरीपर्यंत. मराठी ते बोटानं अक्षर धरून वाचतात. एकदा तात्यांना म्हणाले, मरायच्या आधी उर्दू पेपर परत एकदा वाचावा वाटतो. तात्यांनी ते वहीत लिहून ठेवलं होतं, वाचकांची मागणी म्हणून, तारखेसकट, आणि सहा वर्षं ती मागणी तशीच पडली होती. पायलीच्या पहिल्या पैशातून लातूरहून रविवारचा उर्दू पेपर सुरू केला. एसटीनं येतो. आजोबा आता चालत नाहीत, नातू घरी नेऊन देतो आणि सोमवारी परत आणतो.

2024 ला सोयाबीन हमीभावालाही गेलं नाही. हमीभाव 4,892 होता, आम्हाला अडतीवर 4,200 मिळाले. पायल्या जास्त आल्या होत्या, 8 क्विंटल 90 किलो, तरी रक्कम 37 हजारांच्या आसपासच राहिली. मिठाचा, डिझेलचा, खताचा भाव वाढलेला, त्यात लोकांनी पायली दिली हेच खूप होतं. घरटी दोन पायल्या मागा असं एकानं सुचवलं, ते बैठकीनं लगेच बाजूला ठेवलं.

तूट कुठं भरायची यावर रात्री अकरापर्यंत बसलो होतो. दुपारच्या पोरीचा पगार 2,000 करा, असं कोषाध्यक्षांनी सुचवलं. रविवारचा पेपर बंद करा, एकच माणूस वाचतोय, असं दुसऱ्यानं सुचवलं. तात्या कोपऱ्यात बसले होते, त्यांनी हात वर केला. "माझं दोन हजार काढा. मला पोरगं बघतंय." मी नाही म्हटलं, आणि आवाज चढला तेव्हा बैठक शांत झाली. एका माणसाच्या फुकट कामावर आपण पंचवीस वर्षं वाचनालय चालवलं, आता दुसरी पंचवीस चालवायची नाहीत, एवढंच मी बोलले.

शेवटी बाद केलेल्या पुस्तकांची रद्दी विकली, कपाट दुरुस्तीचे सहा हजार पुढच्या वर्षावर टाकले, आणि मुंबईच्या एका मासिकाची वर्गणी थांबवली. पोरीचे 2,500 तसेच ठेवले. उर्दू पेपरही तसाच.

बैठक उठल्यावर तात्यांनी मला थांबवलं आणि ट्रंकेची किल्ली दिली. "ती 41 आता नोंदवून टाक," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोरीनं दाखल नोंदवहीत पुढचे क्रमांक घातले, आणि मिळाल्याचा मार्ग या रकान्यात काय लिहायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं ते तिनं लिहिलं: जुनं गाव.